औद्योगिक शिक्षण आणि आमचीं मुलें

आपल्या मुलानें शिकावें असें ज्याला वाटत नाहीं असा पालक आतां या भागांत क्वचितच आढळेल. परंतु त्यानें काय शिकावें, आणि घेतलेलें शिक्षण तडीस न्यावें कीं मध्येंच सोडून मिळेल तो रोजगार धरावा, या दोन प्रश्नांसंबंधानें घरोघर जो विचार व्हावयास पाहिजे तो होतांना दिसत नाहीं. विशेषतः हातांनीं करावयाच्या विद्येविषयीं, म्हणजे ज्याला आपण औद्योगिक किंवा तांत्रिक शिक्षण म्हणतों त्याविषयीं, आमच्या समाजाच्या मनांत एक चमत्कारिक घोटाळा आहे. तो घोटाळा दूर व्हावा या हेतूनें हे चार शब्द विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें ठेवीत आहों.

प्रथम आपल्या टापूकडेच पाहूं. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी मालकीचा औषधांचा कारखाना इ. स. १९५४ सालीं उभा राहिला. पुढें १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गांवांच्या माळरानांवर मोटारींचे, रिक्षांचे व यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने उठले. १९७० सालीं येथें नगरपालिका आली व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. चाकण हें गांव कांदा-बटाट्याच्या बाजाराबद्दल, आणि १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें शाइस्तेखानाच्या फौजेशीं सुमारें दोन महिने झुंजविलेल्या संग्रामदुर्गाबद्दल प्रसिद्ध होतें. त्याच चाकणच्या परिसरांत १९९९ सालीं बजाज कंपनीचा आणि २००९ सालीं फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने चालूं झाले. ज्या शेतांत आजोबांनीं कांदा लावला, तेथें आज नातवाच्या डोळ्यांदेखत मोटारी तयार होतात.

अशा ठिकाणच्या मुलांना यंत्रविद्येची गोडी सहज लागावी, आणि ज्या शाळेंत तो विषय असेल तेथें जागा मिळविण्यासाठीं पालकांनीं धडपड करावी, अशी कोणीहि कल्पना करील. प्रत्यक्षांत काय दिसतें? हुशार ठरलेला मुलगा या विषयाकडे फिरकत नाहीं. जो फिरकतो तो बहुधा दुसरें कांहीं जमेना म्हणून. आणि जो येतो त्यांतील बराच भाग अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वींच पांगतो. किती मुलें दाखल झालीं याची विचारपूस पुष्कळ होते. दाखल झालेल्यांपैकीं किती शेवटपर्यंत टिकलीं, व जीं टिकलीं नाहींत तीं कोणत्या कारणानें गेलीं, हें विचारणारा विरळा. आमच्या मतें हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

सरकारी योजनांचा दुष्काळ होता असें म्हणतां यावयाचें नाहीं. इ. स. १८८२ च्या हंटर कमिशननें हायस्कुलांत दोन शाखा असाव्या, एक विश्वविद्यालयाकडे नेणारी व दुसरी व्यवहारोपयोगी, असें सुचविलें होतें. १९३७ सालीं वर्धा येथें गांधीजींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना देशापुढें मांडली. १९४४ च्या सार्जंट योजनेंत तांत्रिक हायस्कुलांचा पुरस्कार होता. १९५२-५३ च्या मुदलियार कमिशननें बहुउद्देशीय शाळा सुचविल्या. १९६४-६६ च्या कोठारी कमिशननेंहि माध्यमिक शिक्षण व्यवसायाभिमुख करण्यावर भर दिला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानें तर आंकडेच ठरविले: उच्च माध्यमिक वर्गांतील विद्यार्थ्यांपैकीं १९९० पर्यंत १० टक्के व १९९५ पर्यंत २५ टक्के या शाखेकडे वळावेत. तें साधलें नाहीं, म्हणून १९९२ सालीं मुदत पांच-पांच वर्षांनीं पुढें ढकलावी लागली. २०२० च्या धोरणानें २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना या शिक्षणाचा परिचय व्हावा असें उद्दिष्ट घातलें. आणि त्याच धोरणांत बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारें असें नमूद आहे कीं, १९ ते २४ या वयांतील काम करणाऱ्या भारतीयांपैकीं ५ टक्क्यांहूनहि कमी लोकांना औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालें होतें, तर जर्मनींत तें प्रमाण ७५ टक्के व दक्षिण कोरियांत ९६ टक्के होतें. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ शहाणीं माणसें एकच गोष्ट सांगत आलीं आणि तरीहि ती घडली नाहीं, याचा अर्थ उघड आहे. अडचण केवळ सरकारदरबारीं नाहीं. ती आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आंतहि आहे.

ती अडचण म्हणजे प्रतिष्ठेची कल्पना. "नापास झालास तर आय.टी.आय.ला घालीन" ही धमकी किती घरांत दिली जाते! ज्या विद्येचें नांव मुलानें लहानपणापासून शिक्षा म्हणून ऐकलें, त्या विद्येकडे तो आदरानें कसा पाहणार? आणि पुढें खरोखरच तो तेथें गेला, तर आपण पराभूत होऊन येथें आलों ही भावना मनांत धरूनच जाणार. असा मुलगा पहिल्या अडचणीला पाय काढतो यांत नवल तें काय? जेथें मुलाला ढकलून घातलेलें असतें तेथें त्याचें मन रमत नाहीं.

श्रमाला हीन लेखण्याचा आधार आमच्या कोणत्याच धर्मपरंपरेंत सांपडावयाचा नाहीं. प्रभु येशूनें नासरेथांत सुताराचें काम केलें. प्रेषित पौल विद्वान असूनहि तंबू शिवून पोट भरी. निवासमंडपाची कारागिरी करणाऱ्या बसालेलास देवाच्या आत्म्यानें कौशल्य दिलें असें निर्गमाच्या ग्रंथांत सांगितलें आहे. आपल्या महाराष्ट्रांतील संतमंडळी पाहावी, तर गोरा कुंभार, सांवता माळी, नरहरि सोनार, सेना न्हावी. एकानेंहि हातांतला धंदा टाकला नाहीं. देहू व आळंदी ज्यांच्या शेजारीं आहेत त्यांनीं तरी हातांच्या कामाची लाज बाळगूं नये.

तथापि पालकांच्या भीतींत कांहींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. १९५३ सालीं मद्रास राज्यांत राजगोपालाचारी यांनीं अशी योजना काढली कीं, मुलांनीं अर्धा वेळ शाळेंत शिकावें व उरलेला वेळ घरच्या धंद्यांत घालवावा. कुंभाराच्या मुलानें कुंभारकाम आणि न्हाव्याच्या मुलानें हजामतच करावी, अशी ही जातीची बेडी आहे, असा तेथें मोठा क्षोभ झाला, आणि १९५४ सालीं योजना मागें घ्यावी लागली. तो क्षोभ योग्यच होता. ज्यांच्या वाडवडिलांना पिढ्यानुपिढ्या अक्षर मिळूं दिलें नाहीं, त्यांच्या मुलाला पुन्हां "तूं हातांचें काम कर" असें सांगितलें तर त्याच्या बापाला राग यावयाचाच. परंतु येथें एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. जन्मानें चिकटलेला धंदा निराळा आणि शाळेंत सर्वांच्या मांडीला मांडी लावून शिकलेली विद्या निराळी. पहिला मनुष्याला जागच्या जागीं बांधून ठेवतो. दुसरी त्याला तेथून बाहेर काढते. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, कार्यशाळा वर्गांतील सर्वच मुलांसाठीं असावी. गरिबाचा मुलगा लेथवर व डॉक्टरांचा मुलगा पुस्तकावर, अशी वांटणी ज्या शाळेंत असेल तेथें पालकांची भीति खरीच ठरेल.

मिशनच्या जुन्या संस्थांनीं हा भेद चांगला ओळखला होता. ख्रिस्ती झाल्यामुळें ज्यांचा जातीचा धंदा व आधार तुटला अशा कुटुंबांसाठीं बासेल मिशननें विणकामाचे कारखाने काढले आणि १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना चालूं केला. कोंकणांतल्या घरांवरचीं मंगळुरी कौलें ही त्याच उद्योगाची आठवण होय. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें अमेरिकन मराठी मिशननें सर डी. एम. पेटिट यांच्या नांवें औद्योगिक शाळा चालविली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील मिशनरी अभियंता डी. सी. चर्चिल यानें सुधारलेला हातमाग बनविला. आपल्याच पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत अनाथ स्त्रिया व मुली विणकाम, शेतीकाम शिकल्या आणि छापखानाहि चालवूं लागल्या. रमाबाईंनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्याच छापखान्यांत स्त्रियांच्या हातून छापून निघालें. संस्कृतांत पंडिता ही पदवी मिळविलेल्या त्या विदुषीला खिळे जुळविणें हें हलकें काम वाटलें नाहीं. परक्याच्या दयेवर जगावें लागूं नये, हें तिच्या शिक्षणाचें पहिलें सूत्र होतें.

जवळचें व अलीकडचें उदाहरण पाहिजे असेल तर चाकणच्या पूर्वेस शिरूर तालुक्यांत पाबळ येथें जावें. हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधनशाळेंतील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञानें १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम काढला. खेड्यांतील हायस्कुलांत आठवीपासून दहावीपर्यंत चालेल असा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय त्यांनीं घडविला, आणि माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळानें त्यास मान्यता दिली. त्यांत जोडकाम व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे विभाग असून, मुलें नुसते नमुने करीत नाहींत. गांवाला लागणारीं कामें करतात. कोणाचें फाटक जोडून देतात, कोणाच्या घरांतील विजेची जोडणी पाहतात, मातीची परीक्षा करतात. केलेली वस्तु दुसऱ्याच्या उपयोगी पडली कीं मुलाला आपल्या विद्येची किंमत कळते. आणि गणित व विज्ञान हे विषय जे फळ्यावर कोरडे वाटत होते, ते हातांत आल्यावर समजूं लागतात. मुलें कशानें टिकतात याचें एक उत्तर येथें मिळतें.

आतां मुलें जातात कां, हें पाहूं. पहिलें कारण, आरंभीचा कंटाळा. फिटरचें काम शिकणाऱ्या मुलाला सुरुवातीस लोखंडाचा तुकडा देतात व तो कानसीनें घासून सपाट आणि काटकोनांत आणावयास सांगतात. गुण्या लावून पाहावा तों फटींतून उजेड दिसतो. पुन्हां घासावें लागतें. हात भरून येतात, मन विटतें, आणि बाहेरच्या कारखान्यांत संगणकानें चालणारीं यंत्रें धांवत असतां आपण हें काय करीत बसलों असें त्याला वाटतें. त्या घासण्यानें हाताला व डोळ्याला माप कळतें, हें त्या वेळीं जवळ बसून सांगणारा कोणी पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर केला तेव्हां शेतकरी तो घेईनात. लोखंडानें जमीन बिघडेल असें त्यांस वाटे. त्या काळीं धीर सोडला असता तर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसलीच नसती.

दुसरें व मोठें कारण म्हणजे हातीं दिसणारा पैसा. घरांत ओढाताण असते. ओळखीचा कोणी येऊन म्हणतो, "पोराला उद्यांपासून पाठवा, ठेकेदाराकडे हेल्परची जागा आहे." पहिल्या महिन्याचा पगार घरीं येतो तेव्हां सर्वांना बरें वाटतें, आणि आईबापांचा यांत दोष काढावा असें आमच्यानें म्हणवत नाहीं, चूल रोज पेटावी लागते. परंतु हिशेब एका महिन्याचा करावयाचा कीं तीस वर्षांचा? फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एका वर्षाचा. तेवढा काळ थांबला तर मुलाच्या हातीं अशी सनद येते कीं ती या गांवांतून त्या गांवीं व या कारखान्यांतून त्या कारखान्यांत त्याच्याबरोबर जाते. ठेकेदारानें दिलेला फाटकाचा पास मात्र काम सुटलें त्या दिवशीं निरुपयोगी होतो. सतराव्या वर्षीं जो खोकीं उचलतो तो तिसाव्या वर्षींहि बहुधा खोकींच उचलतो, आणि तोंवर त्याच्या पाठीमागून दुसरा सतरा वर्षांचा आलेला असतो. शिवाय १८ वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामावर लावण्यास २०१६ पासून कायद्यानें मनाई आहे, हेंहि पालकांनीं ध्यानांत ठेवावें. कमाई करीत शिकण्याचा सरळ मार्ग उपलब्ध आहे: १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वयें कारखान्यांत उमेदवारी करणाऱ्यास विद्यावेतन मिळतें व शेवटीं प्रमाणपत्रहि मिळतें.

तिसरें कारण असें कीं, ही वाट एकदां धरली म्हणजे पुढचीं सारीं दारें बंद झालीं असा समज आहे. तो खरा नाहीं. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय.चा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला तंत्रनिकेतनांत पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळूं शकतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याहि दुसऱ्या वर्षांत जातां येतें. मात्र या जिन्याच्या पायऱ्या चढावयाच्या तर गणित व भाषा पक्कीं पाहिजेत. म्हणून जो म्हणतो कीं कार्यशाळेंत जाणाऱ्या मुलाला पुस्तकांची गरज नाहीं, तो त्या मुलाचा शत्रु समजावा.

या विषयीं परदेशांत बारकाईनें केलेली एक पाहणी सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंत हायस्कुलांच्या पोटांत करिअर अकॅडमी नांवाचे लहान विभाग असतात. त्यांत मुलांचा एक गट तेच शिक्षक कांहीं वर्षें संभाळतात, एखाद्या उद्योगाच्या अनुषंगानें सर्व विषय शिकवितात, आणि गांवांतील कारखानदार त्यांना कामाची ओळख करून देतात. तेथील सतराशेंहून अधिक विद्यार्थ्यांपैकीं कोणास प्रवेश द्यावयाचा हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविण्यांत आलें, म्हणजे तुलना निःपक्षपाती झाली. ज्या मुलांविषयीं शाळा सोडण्याचें भय सर्वांत अधिक होतें, त्यांच्यांत बाहेर राहिलेल्यांपैकीं ३२ टक्क्यांनीं व प्रवेश मिळालेल्यांपैकीं २१ टक्क्यांनीं शाळा सोडली. पुढें कांहीं वर्षांनीं शाळा पुरी करण्याच्या बाबतींत दोन्ही गट सारखेच झाले, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तथापि २००८ च्या अहवालानुसार शाळेनंतरच्या आठ वर्षांत प्रवेश मिळालेल्यांची कमाई सरासरीनें ११ टक्के अधिक राहिली. त्या मुलांना कशानें धरून ठेवलें? आमच्या समजुतीप्रमाणें, आपल्याला नांवानें ओळखणारीं व एक दिवस न आलों तर विचारणारीं माणसें तेथें आहेत, या जाणिवेनें. यंत्रें पैशानें विकत मिळतात. अशी विचारपूस विकत मिळत नाहीं.

मुलींसंबंधानें दोन शब्द सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. मुलींना शिवण द्यावें व मुलांना लोखंड, ही वांटणी आतां जुनी झाली. पिंपरीच्या टाटा मोटर्सच्या कारखान्यांत मोटारींच्या जुळणीचें काम अलीकडे स्त्रियांच्या पथकांनीं संभाळलें आहे. ज्या मुलीला विजेचें किंवा यंत्राचें काम आवडतें तिला तें शिकूं द्यावें, आणि लग्न ठरलें म्हणून शेवटचें वर्ष सोडावयास लावूं नये.

तेव्हां काय करावें? पालकांस विनंति अशी कीं, मुलाला या विषयाकडे पाठवावयाचें तें त्याचा कल पाहून पाठवा, रागानें पाठवूं नका. आणि एकदां पाठविलें म्हणजे सनद हातीं पडेपर्यंत त्याला कोणाच्याहि सांगण्यावरून काढूं नका. वर्षांतून एकदां तरी त्याच्या कार्यशाळेंत येऊन त्यानें केलेली वस्तु हातांत घेऊन पाहा. शाळांनीं दाखल झालेल्यांच्या संख्येबरोबर पुरें करणाऱ्यांचीहि संख्या वार्षिक अहवालांत छापावी, आणि मुलाचे सतत खाडे होऊं लागले कीं नांव कमी करण्यापूर्वीं शिक्षकानें त्याच्या घरीं जावें. कारखानदारांनीं व ठेकेदारांनीं अभ्यासक्रम अर्धवट सोडून आलेल्या मुलाला परत शाळेंत धाडावें व पुरा करून आलेल्यास अधिक वेतन द्यावें. शिकलेल्याला व न शिकलेल्याला एकच पगार मिळत राहिला, तर आमचा सारा उपदेश व्यर्थ जाईल.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला काय सांगावें? शुभवर्तमानांत एका मनुष्याचा दाखला आहे. त्यानें बुरूज बांधावयास घेतला, परंतु खर्चाचा अंदाज आधीं बसून केला नाहीं. पाया घालून झाला आणि पुढें बांधवेना, तेव्हां पाहणारे लोक त्याला हंसूं लागले. तुम्हीहि आधीं बसून विचार करा. हा विषय आपल्याला खरोखर पाहिजे काय, हें आईबापांशीं व शिक्षकांशीं मोकळेपणानें बोला. नको असेल तर घेऊं नका. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु घेतला, तर कानसीखालच्या त्या लोखंडाच्या तुकड्याला काटकोन येईपर्यंत हात थांबवूं नका. घरच्या अडचणी येतील. त्या लपवूं नका, आम्हांला सांगा. त्यासाठींच तर आम्ही येथें आहों. देव तुमच्या हातांच्या कामाला यश देवो, हीच प्रार्थना.